मेलेल्या बेहड्याची नोंद

भाद्रपदातल्या त्या दुपारी पाऊस नुकताच उघडला होता. समाजमंदिराच्या ओट्यावर ओल्या मातीचा, चुलीच्या धुराचा आणि कोणीतरी पळसाच्या पानात बांधून आणलेल्या सात्यांचा, म्हणजे खाण्याच्या रानअळंबीचा, मिळून एक वास भरून राहिला होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या बाजूचे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले ते लहानसे गाव. ग्रामसभेने लोक जैवविविधता नोंदवही नव्याने लिहायला घेतली होती आणि गावातलाच, बारावी झालेला एक मुलगा मांडीवर वही ठेवून झाडांची नावे उतरवत होता. ऐन, बिजा, धावडा, हळदू, रोहन, मोवई, चार, कुसुम. नावे भराभर येत होती, कोणी फांदीवरून सांगत होते, कोणी सालीवरून. एवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, “बाबू, नाल्याकाठचा सुका बेहडा लिवला का?” मुलाने वही मागे उलटून पाहिली आणि सांगितले, “बेहडा लिवला ना आजी, वरतेच हाये.” त्यावर आजी म्हणाल्या, “तो जिता बेहडा. मी सुक्याची गोष्ट करून राहिली.” मुलाचे पेन थांबले. वहीत प्रत्येक जातीला एक ओळ होती आणि बेहड्याची ओळ भरून झाली होती. मेलेल्या झाडाची वेगळी जात नसते, असे तो नम्रपणे म्हणाला, आणि शास्त्राच्या बाजूने पाहिले तर त्याचे म्हणणे बरोबर होते. आजींनी मान हलवली नाही. “आपल्या कामाचा नाई म्हनून का कोनाच्याच कामाचा नाई?” एवढे बोलून त्या पुन्हा खांबाला टेकल्या.

तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर ओट्यावर जे बोलणे झाले ते नोंदवहीच्या कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते, आणि तरीही त्या दिवसातले सर्वांत मोलाचे बोलणे तेच होते. नाल्याकाठचा तो बेहडा कित्येक पावसाळ्यांपूर्वी वीज पडून वाळला. त्याच्या बुंध्यात माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढी ढोली आहे आणि तिच्यात सातेरी माश्यांचे पोळे असते. वरच्या बाजूला सुतार पक्ष्याने पाडलेल्या भोकांत पोपट पिल्ले काढतात, आणि पोपट निघून गेले की त्याच भोकांत पिंगळे येऊन राहतात. उतरत्या पावसात बुंध्यावर अळंबी फुटते. ती खाण्याची नाही, हे लहान मुलांनाही माहीत आहे. मुळाशी घोरपडीचे बीळ आहे. अस्वल मधाच्या वासाने येऊन साल ओरबाडते, त्याच्या नखांच्या खुणा एका बाईंनी हवेत बोटे ओढून दाखवल्या. आणि याच बायका सरपणासाठी रानात जातात, वाळलेल्या लाकडाच्या मोळ्या डोक्यावरून आणतात, पावसाळ्याआधी अंगणात रचून ठेवतात! वाळलेले लाकूड म्हणजे जळण, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही त्या झाडाला आजवर कोणी कुऱ्हाड लावली नाही. का लावली नाही, असे मी विचारले तेव्हा एक तरुण सून जरा आश्चर्याने म्हणाली की ढोलीवाले झाड तोडत नाहीत, पडलेल्या फांद्या आणतात. असा ठराव कधी झाला नव्हता, असा फलकही कुठे लावलेला नव्हता.

नोंदवहीची कथा सरळ नाही. जैविक विविधता कायदा २००२ साली आला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांच्या सल्ल्याने नोंदवही तयार करायची, असे ठरले. पुढची कितीतरी वर्षे हे काम रेंगाळले. मग ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर कसूर करणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. एवढ्या धाकाखाली काम पळत सुटले. आज देशभरात अडीच लाखांहून अधिक समित्या कागदावर आहेत. या गावाचीही एक नोंदवही त्या घाईत तयार झाली होती. ती बाहेरच्या माणसांनी लिहिली, पंचायतीच्या कपाटात ठेवली गेली आणि गावातल्या कोणी ती उघडून पाहिली नव्हती. पंचायत चार गावांची, समिती पंचायतीची, आणि वनहक्क कायद्याखालचा सामूहिक हक्क मात्र एकेका गावाच्या ग्रामसभेचा. जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या हातात वही नाही, आणि वही ज्यांच्या कपाटात आहे त्यांचा त्या जंगलात पाय पडत नाही. हा गुंता सोडवण्यासाठी या ग्रामसभेने सरळ स्वतःच वही लिहायला घेतली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माझे बालपण सिंदेवाहीच्या बाजूला गेले. मोहाच्या दिवसांत शेजारच्या काकूंबरोबर पहाटे रानात जायची परवानगी मिळत असे. फुले उजाडायच्या आधीपासून गळू लागतात. अंधारात पानांवर पडणारा त्यांचा टपटप आवाज आधी ऐकू येई आणि मग तो गोड, जड, किंचित आंबूस वास नाकात शिरे. प्रत्येक घराची मोहाची झाडे ठरलेली होती. काकूंच्या वाट्याला जी झाडे होती त्यांतले एक लवकर गळायचे, एकाची फुले वाळल्यावर काळी पडायची, एकाची फुले इतकी गोड की मुलांनी ती तशीच खावीत. काकूंना मोह ही जात ठाऊक होतीच, पण त्यांच्या बोलण्यात यायची ती झाडे, एकेक, स्वभावासकट. पुढे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात एका जातीतल्या आनुवंशिक विविधतेविषयी ऐकताना मला त्या पहाटा आठवल्या. मात्र त्याच आठवणीत दुसरेही काही आहे. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देत. निळसर धूर झाडांमधून पसरत जाई आणि कधी ती आग हाताबाहेर जाऊन टेकडीपर्यंत पोहोचे. त्या आगीत मोहाची रोपे जळत, चारोळीची जळत. आज त्या भागात म्हातारे मोह पुष्कळ आहेत आणि तरणे मोह शोधावे लागतात. गावाला जंगल कळते असे म्हणताना हे झाकून ठेवता येत नाही.

जंगलाच्या व्यवस्थापनाची आपल्याकडची रुळलेली भाषा वेगळी आहे. कार्य आयोजना, कक्ष क्रमांक, कूप, गोलाई, घनमीटर. या भाषेत झाडाची किंमत त्याच्या सरळ खोडात असते. वाकडे, पोकळ, वाळलेले झाड हे काढून टाकण्याच्या यादीत जाते, कारण त्याने चांगल्या झाडाची जागा अडवलेली असते. १९७४ मध्ये राज्यात वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि विदर्भात मोठ्या क्षेत्रांवरचे मिश्र जंगल काढून तिथे सागवान लावण्याचे धोरण राबवले गेले. कागदावर ते क्षेत्र जंगलच राहिले. गावातल्या बायकांना विचारले तर त्या त्याला जंगल म्हणत नाहीत, ‘सागवानात गेलो होतो’ असे म्हणतात. सागवानाने गावाचे काय नेले हे समजून घ्यायचे असेल तर महिने मोजावे लागतात. चैत्रात मोहफुले, त्याच्या पाठोपाठ चारोळीची फळे म्हणजे चार आणि तेंदूची फळे म्हणजे टेंभरे, वैशाखात आंबे आणि तेंदूपत्ता, ज्येष्ठ-आषाढात कुसुमाची आंबट फळे, पाऊस बसला की बांबूचे कोवळे वास्ते, कुड्याची फुले, तरोटा, काटवल, मग सात्या, थंडीत आवळे, आणि हिरडा-बेहड्याची गळ. मिश्र जंगलात एकही महिना पूर्ण रिकामा जात नाही. घरातले धान सरत आलेले असते तेव्हाच रानातली भाजी वर येते, आणि शेतात काम नसते तेव्हाच मोह गळतो. सागवानात हे सगळे महिने एका रंगाचे होतात आणि त्या लाकडाचे पैसे साठ-सत्तर वर्षांनी भलत्याच कोणाला मिळतात. विविधता म्हणजे किती जाती, असे आपण विचारतो. ओट्यावर बसलेल्या बायकांच्या लेखी विविधता म्हणजे वर्षातला एकही महिना उपाशी न जाणे, आणि तेही फक्त माणसाचा नव्हे.

माणसाचा नव्हे, हा भाग मला सर्वांत उशिरा उमगला. दक्षिण गडचिरोलीत माडिया गावांमध्ये आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. मोहाचा पंडुम वेगळा, नव्या धान्याचा वेगळा. पहिले फळ देवाला, पूर्वजांना, आणि तोवर झाडाला हात नाही. गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची विभागणी आहे आणि कुळाकुळाचे जपायचे प्राणी आणि झाडे ठरलेली आहेत; एका कुळाला जे वर्ज्य ते दुसऱ्याला चालते, त्यामुळे सगळे गाव मिळून एकाच गोष्टीवर तुटून पडत नाही. याला केवळ श्रद्धा म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे आणि केवळ विज्ञान म्हणून डोक्यावर घेणेही सोपे आहे. मला या दोन्हींत अपुरेपण दिसते. पंडुमाच्या दिवसापर्यंत फळ पिकते, कोय तयार होते, वटवाघळे आणि माकडे आपापला वाटा घेऊन जातात आणि बी दूरवर पडते. हे सगळे होते खरे, पण गायता, म्हणजे गावाचा पुजारी, पूजा मांडतो तेव्हा त्याच्या मनात बियांचा प्रसार नसतो. त्याच्या मनात असते ते एवढेच की आधी ज्यांचा हक्क आहे त्यांना मिळू दे. वाट्याची ही जाणीव जिथे शाबूत आहे तिथे जंगल टिकलेले दिसते.

आणि ती जिथे मोडली तिथे काय होते, हे चारोळीने दाखवले आहे. बाजारात चारोळीला भाव आला तेव्हा फळ पिकेपर्यंत थांबणारा माणूस रिकाम्या हाताने परतू लागला, कारण त्याच्या आधी दुसरा कोणी येऊन हिरवी फळे ओरबाडून नेऊ लागला. पुढे फळे तोडायला वेळ नको म्हणून फांद्याच छाटल्या गेल्या. ज्यांनी छाटल्या त्यांना चारोळीचे झाड कळत नव्हते असे नाही. ठरवण्याचा अधिकार गावाकडे नव्हता. जंगल सरकारचे, भाव व्यापाऱ्याचा, आणि मधल्या मोकळ्या जागेत जो आधी पोहोचेल त्याचे फळ. राखण्याचे ज्ञान आणि राखण्याचा अधिकार एकमेकांपासून तुटले की ज्ञान असूनही झाड जाते, अशी माझी आता खात्री झाली आहे.

म्हणूनच मेंढा-लेखाचे नाव विदर्भातल्या प्रत्येक ग्रामसभेत आदराने घेतले जाते. ‘मावा नाटे, मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचेच राज्य, असे म्हणणाऱ्या धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूची वाहतूक करण्याचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे उभ्या केलेल्या अभ्यासगटांची गोष्ट मला त्या हक्कपत्राइतकीच मोठी वाटते: मध काढताना पोळे न जाळता आणि माश्या न मारता तो कसा काढावा, यावर गावाने बसून विचार केला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने याहूनही अवघड निर्णय घेतला. २०१२ मध्ये हजारेक हेक्टरचा हक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण चांगल्या पानासाठी झुडपे छाटावी लागतात, आग लावली जाते, आणि छाटलेल्या तेंदूला फळ धरत नाही. बांबूवर आपले भागेल, टेंभरे झाडावर राहू देत, असे त्यांनी ठरवले. जंगलाचा एक तुकडा तर कशालाही हात न लावता राखून ठेवला. मेळघाटाच्या पायथ्याच्या पायविहीरने उघड्या टेकडीवर झाडोरा परत आणला, सीताफळांची विक्री बसवली आणि २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळवला. ही गावे वेगवेगळ्या वाटांनी गेली. प्रत्येक गावाने आपल्या जंगलाकडे पाहून ठरवले, बाहेरून आलेला नमुना भरला नाही.

तरी पाचगावचा निर्णय सगळ्यांना पेलेल असा नाही. तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा, उन्हाच्या आधी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, नेऊन मोजून द्यायचा. मे महिन्यातल्या या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर कितीतरी घरांची बियाण्यांची, शाळेची, लग्नाची सोय होते. ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यापासून ही रक्कम वाढली आहे. ज्या घरातला मुलगा मिरची तोडायला तेलंगणात जातो त्या घराला तेंदू सोडा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मला स्वतःला तेंदूसाठी लागणाऱ्या आगीची भीती वाटते, जळालेल्या टेकडीवर रानतुळस आणि रायमुनिया (घाणेरी) ही तणे पसरताना मी पाहिली आहेत, आणि तरीही फळीवर पैसे मोजून घेताना एखाद्या बाईच्या चेहऱ्यावर दिसणारे समाधान मला खोटे ठरवता येत नाही.

आणि मग वाघ. नोंदवहीत प्राण्यांची पाने आली तेव्हा ओट्यावरचा आवाज बदलला. चितळ, रानडुक्कर, अस्वल, मोर, खवल्या मांजर ही नावे सहज आली. २०२१ पासून जिल्ह्यात येऊन राहिलेल्या हत्तींचेही नाव आले, धानाच्या नासाडीच्या हिशेबासकट. वाघाचे नाव कोणी आधी घेतले नाही. घेतले तेव्हा ‘पट्ट्यावाला’ असे घेतले. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीच्या पट्ट्यात मोहफुले वेचताना, सरपण आणताना माणसे मारली गेली आहेत, आणि वाकून फुले वेचणारी बाई वाघाला माणूस म्हणून दिसत नसावी असे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो. आता बायका घोळक्याने जातात, एक जण उभी राहून नजर ठेवते, काही जागा सोडून दिल्या आहेत. त्या सोडलेल्या जागांतले मोह कोणी वेचत नाही. मुलाने उपयोगाच्या रकान्यापाशी येऊन सगळ्यांकडे पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मध्यमवयीन माणसाने, ज्याच्या घरातली गाय वाघाने नेली होती, सांगितले, “लिव, त्याच्यानं जंगल तुटत नाई.” ते खरे होते. वाघाच्या भीतीने चोरटी तोड त्या बाजूला थांबली होती. पण त्याच्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या की मग हेही लिही, त्याच्यानं आमचा मोह गेला. मुलाने दोन्ही वाक्ये लिहिली. वाघाच्या संरक्षणावर मी जे जे वाचले आहे त्यात या दोन वाक्यांना एकाच ओळीत इतक्या प्रामाणिकपणे जागा मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे.

सुक्या बेहड्याचे पुढे असे झाले की वहीच्या मागच्या बाजूला एक वेगळे पान उघडले गेले. त्यावर जातींची नावे नाहीत. जागा आहेत आणि एकेकटी झाडे आहेत. नाल्याकाठचा ढोलीचा बेहडा, अस्वलाच्या दगडावरचा उंबर, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरची आग्या मोहोळांची अर्जुनाची झाडे, उन्हाळ्यातही ओल धरणारा झोरा. प्रत्येकासमोर तिथे कोण येते आणि कोणत्या महिन्यात येते ते लिहिले आहे, आणि सांगणाऱ्याचे नाव आहे. सामूहिक वनहक्काच्या व्यवस्थापन आराखड्यात या जागा जशाच्या तशा घ्याव्यात, वाळलेले किंवा पोकळ म्हणून त्यांतले कोणतेही झाड काढू नये, असे ग्रामसभेने त्यावर लिहून घेतले. पावसाळ्यात नावे लिहून घेणाऱ्या मुलांनी उन्हाळ्यात त्या जागा म्हाताऱ्यांबरोबर फिरून पाहाव्यात, हे मी सुचवले आणि ते मान्य झाले. कारण त्या पानावरच्या बहुतेक सांगणाऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे.

आता वाद उरला आहे तो तेंदूचा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, जिथे चारोळीची नवी रोपे दिसू लागली आहेत, तिथे तीन वर्षे खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, करू नये आणि आग अजिबात जाऊ देऊ नये, अशी सूचना महिलांकडून आली. त्या बाजूला पान तोडणारी घरे ठरलेली आहेत, त्यांचे काय करायचे, असा प्रश्न तरुणांनी लावून धरला. दोन बैठका यावर झाल्या. शेवटी असे ठरत आले आहे की उरलेल्या जंगलाच्या तेंदूच्या रॉयल्टीतून ग्रामसभेच्या निधीत जी रक्कम येईल तिच्यातून आधी त्या घरांची बुडालेली मजुरी भरून द्यायची आणि मग बाकीचे वाटप करायचे. दोन घरांना हे अजून पटलेले नाही. खुटकटाई फेब्रुवारीत सुरू होते, त्यामुळे संक्रांतीनंतरच्या ग्रामसभेत याचा निकाल लागलाच पाहिजे, आणि त्या सभेत नोंदवही उघडून चारोळीचे पान आधी वाचायचे, असे सचिवांनी विषयपत्रिकेवर लिहून ठेवले आहे.